प्रेत राखणाऱ्याची साक्ष

१

मराठीत गुन्ह्याविषयी जे लिहिले गेले त्यात दोनच माणसे ठळकपणे उभी आहेत. एक खून करणारा आणि दुसरा त्याला पकडणारा. पहिल्याभोवती भीतीचे वलय आहे, दुसऱ्याभोवती बुद्धीचे. ह्या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो. घाव खाऊनही तो जगलेला असतो आणि जे पाहिले ते सांगायला आलेला असतो. कधी तो रात्रभर विहिरीच्या काठावर प्रेताची राखण करीत बसलेला असतो. ह्या तिसऱ्या माणसाला आपल्या वाङ्मयात चेहरा नाही. आणि प्रत्यक्षात मात्र खूनसत्राचा तपास सुरू होतो तो त्याच्यापासूनच.

तपासशास्त्रावर एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने लिहावे, साहित्याच्या नियतकालिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. ‘साक्ष’ आणि ‘पुरावा’ हे दोन शब्द गेली पन्नास वर्षे दलित साहित्याच्या मानगुटीवर बसलेले आहेत. आमच्या आत्मकथनांना ‘हा दस्तऐवज आहे, कलाकृती नव्हे’ असे सांगण्यात आले. पुन्हा त्याच दमात ‘हे सगळे खरे कशावरून?’ असेही विचारण्यात आले. म्हणजे दस्तऐवज म्हणून कलेच्या बाहेर, आणि कथन म्हणून पुराव्याच्या बाहेर. ज्याच्या शब्दाला दोन्ही दारे बंद, त्याने साक्ष म्हणजे काय आणि ती कोण ठरवतो ह्याचा विचार मुळापासून केला पाहिजे.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ह्यांनी पिढ्यान् पिढ्या वाचक घडवले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण रहस्यकथेची रचनाच अशी की तीत साक्षीदाराची गरज उरत नाही. नायकाला सर्व आधीच ठाऊक असते. घरचा गडी संशय घेण्यापुरता आणि मोलकरीण किंचाळण्यापुरती. खऱ्या घटनांवरील लेखनाने हे बदलायला हवे होते. तसे झाले नाही. मुंबईतील रमन राघवचे प्रकरण आणि परभणी जिल्ह्यातील मानवतचे हत्याकांड ह्या दोन्ही तपासांशी रमाकांत कुलकर्णी ह्या अधिकाऱ्याचे नाव जोडलेले आहे. त्यांनी पुढे आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या आणि त्यांच्या आधारावर २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. त्याआधी १९८१ साली अमोल पालेकरांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर ‘आक्रीत’ हा चित्रपट ह्याच विषयावर केला होता. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खूनसत्रातील एक गुन्हेगार मुनव्वर शहा ह्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिले, ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’. त्याच प्रकरणावर १९८६ साली ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट निघाला.

आता हे चित्र दुसऱ्या बाजूने पाहा. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे साधारण एकाच काळात एका खुन्याचा कबुलीजबाब आणि एका दलिताचे आत्मकथन मराठी वाचकाच्या हाती आले. खुन्याने सांगितले ते खरे कशावरून, असा वाद मराठी समीक्षेत गाजल्याचे माझ्या वाचनात नाही. पवारांनी सांगितले त्यातले खरे किती आणि कला किती, हा वाद मात्र वर्षानुवर्षे चालला. ज्याने मारले त्याचा शब्द सहज पटतो आणि ज्याने सोसले त्याच्या शब्दाला दाखला लागतो, ह्या अभिरुचीचे नाव काय? मी हिला तपासाधिकाऱ्याची अभिरुची म्हणणार होतो. पण चांगल्या तपासाधिकाऱ्यावर तो अन्याय होईल. कारण चांगला तपास ह्याच्या उलट चालतो.

२

खूनसत्राच्या तपासातला पहिला प्रश्न ‘खुनी कोण?’ हा नसतोच. ‘हे सगळे खून एकाच हाताचे आहेत काय?’ हा असतो. आणि तो प्रश्न पडण्यासाठी आधी मेलेल्यांची मोजदाद व्हावी लागते. मेलेला माणूस मोजण्याच्या लायकीचा आहे असे कोणाला तरी वाटावे लागते.

मुंबईत १९६५-६६ साली मध्य रेल्वेच्या पूर्व उपनगरांत पदपथावर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. एकोणीस जणांवर हल्ला झाला आणि त्यांपैकी नऊ जण मेले. बाकीचे वाचले. त्या वेळी एक बेघर माणूस संशयावरून पकडला गेला. त्याची जुनी नोंद पोलिसांकडे होती, पण ठोस पुरावा नाही म्हणून तो सुटला. १९६८ साली पुन्हा तसेच हल्ले सुरू झाले. तेव्हा मात्र शहर हादरले, उपनगरांत लोक रात्रीचे पहारे देऊ लागले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो ह्यांनी वर्णनावरून रस्त्यात एकाला हटकले. त्याने आपले नाव दुसरेच सांगितले. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर तो रमन राघव असल्याचे नक्की झाले.

ह्या हकीकतीत दोन गोष्टी एकमेकींना भेटतात. एक, वर्णन, आणि ते कोणी तरी जिवंत राहून सांगितल्याशिवाय तयार होत नाही. दुसरी, ठसा. ठशाला तोंड नाही, म्हणून तो खोटे बोलत नाही. पण तोंड नाही म्हणून तो आपण होऊन काही सांगतही नाही. त्याला विचारावे लागते. काय विचारायचे हे मात्र जखमी माणसाने आधी सांगितलेले असते. रमन राघववर चित्रपट निघाले. १९६९ साली त्याला झालेली फाशी, मनोविकारतज्ज्ञांची तपासणी, १९८७ साली फाशीऐवजी जन्मठेप, हे सगळे पुन्हा पुन्हा लिहिले गेले. पहिल्या फेरीत वाचलेल्या फुटपाथवरच्या एकाही माणसाचे कथन माझ्या पाहण्यात नाही.

पुण्याचे उदाहरण घ्या. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ ह्या काळात दहा माणसे मारली गेली. मारणारे कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी होते. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांनी एका बंगल्यावर हल्ला केला, पण तेथील घरच्यांनी आणि नोकरांनी प्रतिकार केला आणि ती माणसे वाचली. वाचलेल्यांमुळे हे एकट्या माणसाचे काम नाही हे कळले. नायलॉनच्या दोरीने आणि तिच्या गाठींनी निरनिराळे गुन्हे एकमेकांना बांधले. शेवटी टोळक्यातला एक जण फुटला, माफीचा साक्षीदार झाला, आणि तळ्यातून लोखंडी पिंपात कोंबलेला पहिल्या बळीचा देह वर आला. शब्दाने वस्तूकडे नेले आणि वस्तूने शब्द खरा केला. पुराव्याच्या जुन्या कायद्यातील कलम २७ चे मर्म हेच. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब चालत नाही. पण त्या बोलण्यातून जी वस्तू सापडली तेवढ्यापुरते बोलणे चालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे.

मानवतला १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ ह्या अवधीत दहा जीव गेले. त्यांत लहान मुली होत्या, बाया होत्या, एक तान्हे मूलही होते. गुप्तधन आणि नरबळी ह्या समजुतींचे ते प्रकरण. खटल्याचा मोठा भार माफीच्या साक्षीदारांवर होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिलेल्या निकालात स्पष्ट केले की गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष कायद्याने चालते, पण तिला स्वतंत्र दुजोरा शोधणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मुख्य सूत्रधार म्हणून ज्या दोघांना उभे केले होते त्यांना उच्च न्यायालयाने सोडले होते आणि ती सुटका कायम राहिली. त्याच निकालात पोलिसांच्या दंडेलीच्या मोहालाही न्यायालयाने खडे बोल सुनावले. पडद्यावर मात्र जी मांत्रिक बाई आणि जो धनदांडगा पुरुष आपल्या लक्षात राहतो, ते ह्या सुटलेल्या दोघांच्याच सावल्या आहेत. न्यायालयाला पुरेसा न वाटलेला पुरावा कलावंताला पुरला. त्यातही ती बाई पारधी समाजातली म्हणून तिच्याभोवती गूढतेचा धूर अधिक. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ साली ज्यांचा तो शिक्का कायद्याने पुसला, त्यांच्यावर तो आपल्या अभिरुचीने पुन्हा मारला.

आता विज्ञान पुढे गेले, साक्षीदाराची गरज कमी झाली, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी डीएनए चाचणीचा जन्म कसा झाला ते पाहावे. इंग्लंडमधील लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांपैकी एका खुनाची कबुली दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीझ ह्यांच्या नव्या चाचणीने पहिले काम केले ते ह्या मुलाला निर्दोष ठरवण्याचे. मग पोलिसांनी परिसरातल्या हजारो पुरुषांचे रक्त घेतले आणि खुनी त्यातूनही निसटला, कारण त्याने आपल्या जागी दुसऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. ती लबाडी एका बाईने दारूच्या गुत्त्यात ऐकलेल्या बोलण्यावरून उघडकीस आणली. तिने पोलिसांना सांगितले, पोलिसांनी ऐकले, आणि १९८८ साली कॉलिन पिचफोर्कला शिक्षा झाली. जगातल्या ह्या पहिल्या डीएनए तपासाचा शेवटही कोणीतरी बोलले आणि कोणीतरी ऐकले म्हणून झाला.

ऐकलेच नाही तर काय होते? दिल्लीजवळच्या निठारीत मजुरांची मुले हरवत होती आणि त्यांचे आईबाप तक्रार घेऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून सांगाडे निघाले तेव्हा देश हादरला. नंतर खटल्यांचा भर कबुलीजबाबावर राहिला. २०२३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. मुले मारली गेली हे खरे. कोणी मारली हे आज कायद्याच्या लेखी कोणालाच ठाऊक नाही. गरिबाचे म्हणणे वेळेवर न ऐकण्याची ही किंमत आहे. आणि ती मोजली ती पुन्हा गरिबानेच.

साक्ष चुकते, हे मान्य केले पाहिजे. अंधारात पाहिलेला चेहरा चुकतो, भीतीने आठवण बदलते, ओळख परेडमध्ये बोट भलत्याकडे जाते. म्हणूनच दुजोऱ्याची गरज. परंतु दुजोरा मागणे आणि अविश्वास दाखवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुजोरा मागणारा आधी ऐकून घेतो, लिहून घेतो, मग शोधायला निघतो. अविश्वासी माणूस लिहूनच घेत नाही.

३

हा तपास उभा कोणाच्या श्रमावर राहिला, हे विचारले म्हणजे आपण आपल्या वाङ्मयाकडे परत येतो.

शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ सालचे. त्यात एक प्रसंग आहे. विहिरीत प्रेत सापडले आहे आणि गावचा तराळ म्हणून लेखकाचे वडील त्याची राखण करीत आहेत. पोलीस येतात आणि विहिरीत उतरून प्रेत काढण्याचा हुकूम त्यांनाच होतो. हा प्रसंग अपमानाचा म्हणून वाचला गेला, आणि तो तसा आहेच. पण मी तो आणखी एका अंगाने वाचावा असे सुचवतो. आजच्या भाषेत ‘घटनास्थळाचे संरक्षण’ म्हणतात ते काम येथे चालले आहे. प्रेताला कोणी हात लावू नये, कोल्ह्याकुत्र्याने ओढू नये, पाण्यातून काढताना देह विस्कटू नये, ह्या सगळ्याची जबाबदारी एका उपाशी माणसावर आहे. पंचनाम्यात पंचांची नावे आली असतील, अधिकाऱ्याची सही आली असेल. जो खाली उतरला, ज्याने देह पहिल्यांदा जवळून पाहिला, त्याला ‘तुला काय दिसले?’ असे कोण विचारणार? खरात पुढे वकील झाले, कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वडिलांना कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने पुस्तक लिहून दिले. ‘तराळ-अंतराळ’ हे ह्या अर्थाने उशिरा नोंदवलेले साक्षीदाराचे निवेदन आहे.

वऱ्हाडात तराळ हा शब्द नाही. आमच्याकडे महार आणि पुढे कोतवाल. काम तेच. गावात कोणी बुडाला, जळाला, फाशी घेतली की ठाण्यात वर्दी नेणे, मर्ग दाखल होईपर्यंत बसून राहणे. पुढे सरकारी दवाखान्याच्या शवागारात चिरफाडीच्या टेबलाशी जो उभा राहतो तोही बहुधा आपल्याच खालच्या थरातला. डॉक्टर पाहतात आणि लिहितात. कवटी उघडणारा, टाके घालणारा हात सफाई कामगाराचा. व्हिसेऱ्याची बरणी भरली जाते, तिच्यावर लाख लागते, सी. ए. रिपोर्ट येतो. त्या कागदावर ह्या हाताचा उल्लेख नसतो.

एक जुनी गोष्ट येथे आठवावी. गावच्या शिवेवरून तंटा झाला की महाराची साक्ष अखेरची मानत. इंग्रज अमदानीतल्या नोंदींत हे आलेले आहे. बांध कोठे होता, दगड कोठे पुरला, हे पिढ्यान् पिढ्या त्याने पायाखाली घातलेले असे. म्हणजे महार खरे सांगतो ह्याविषयी गावाला शंका नव्हती. पाटलाच्या शेताची हद्द ठरवायची असली की त्याचा शब्द प्रमाण. त्याच्या स्वतःच्या अंगावरच्या वळांची हकीकत सांगायची असली की तोच शब्द संशयास्पद. विश्वासार्हता ही माणसाच्या गुणावर ठरत नव्हती, साक्षीचा लाभ कोणाला होतो ह्यावर ठरत होती. मराठी समीक्षेने दलित आत्मकथनाची सत्यता तपासताना हीच जुनी शीव सांभाळली, असा माझा आरोप आहे.

ठशाचा इतिहासही ह्याहून वेगळा नाही. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल ह्या साहेबाने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. उद्देश एवढाच की त्याने पुढे शब्द फिरवू नये. ठशाच्या शास्त्राची ही एक सुरुवात. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. वर्गीकरणाची पद्धत बसवण्याचे कष्ट अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन देशी कर्मचाऱ्यांचे, आणि जगात ती ओळखली गेली एडवर्ड हेन्री ह्या वरिष्ठाच्या नावाने. वऱ्हाडातल्या कास्तकाराला आणि मजुराला अंगठा ठाऊक आहे तो सावकाराच्या कागदावरचा. त्या अंगठ्याने शेत गेले. एकलव्याचाही अंगठाच गेला. ज्या अंगठ्याने आपल्याला आजवर बांधले, तोच कधी आपल्या बाजूने साक्ष देईल काय? देईल, पण त्यासाठी तो कोठे शोधायचा हे सांगणाऱ्या आपल्या माणसाचे म्हणणे आधी लिहून घेतले गेले पाहिजे.

४

सप्टेंबर १९७४. अकोला जिल्ह्यातील धाकली. घरातल्या मुलीवर झालेल्या अन्यायाचा जाब विचारला म्हणून गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. दलित पँथरने हे प्रकरण महाराष्ट्रभर नेले. १९७५ साली हे आंधळे भाऊ पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत गेले. हे खूनसत्र नव्हते. पण साक्षीचा विचार करणाऱ्याला ह्या घटनेवाचून पुढे जाता येणार नाही. कायद्याच्या भाषेत पाहणाऱ्याला प्रत्यक्षदर्शी म्हणतात, आणि येथे घाव घातला गेला तो नेमका पाहण्यावर. डोळ्यांच्या रिकाम्या खोबण्या हा वैद्यकीय पुरावा होता. आवाज ओळखणे, माणसाची चाल ओळखणे, अखेरचे जे दिसले ते सांगणे, ही त्यांची साक्ष होती. जिवंत सोडून डोळे काढण्यामागे गावाला दिलेला इशारा होता: पाहाल तर असे होईल. अशा ठिकाणी जगलेल्याने बोलणे ह्याला केवळ ‘जबाब’ म्हणता येत नाही.

अलीकडचे उदाहरण अमरावती जिल्ह्याचे. २०१६ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये पिंपळखुटा येथील आश्रमात राहून शिकणाऱ्या दोन लहान मुलांवर काही दिवसांच्या अंतराने गळ्याशी वार झाले. दोघेही वाचले. नरबळीच्या प्रयत्नाचा संशय आला, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पुढे आला. मानवतनंतर चाळीसेक वर्षांनी तीच समजूत, तीच लहान मुले. फरक एवढाच की येथे मुले जगली आणि बोलली. एका मुलाच्या जखमेने दुसऱ्याच्या जखमेचा अर्थ लावून दिला. खूनसत्र होण्याआधी ते थांबते ते असे. एखाद्या मुलाचे म्हणणे ‘पडला असेल, लागले असेल’ म्हणून झटकून टाकणे किती महाग पडू शकते, हे मानवतच्या दहा जीवांकडे पाहून ठरवावे.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात एका कुटुंबातील चौघे मारले गेले आणि भैयालाल भोतमांगे तेवढे उरले. पहिल्या शवविच्छेदनात पाहायला हवे ते पाहिले गेले नाही. पुरलेली प्रेते उकरून दुसऱ्यांदा तपासावी लागली. तोवर देहाने सांगण्यासारखे बरेच काही मातीला मिळाले होते. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही; २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. येथे मुका पुरावाच आधी मुका केला गेला, आणि मग जगलेल्या माणसाला विचारण्यात आले की तुझ्या म्हणण्याला आधार काय? विज्ञान निःपक्षपाती असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रसायन निःपक्षपाती असेल. बरणीत काय भरायचे हे ठरवणारा माणूस जातीच्या गावातून आलेला असतो.

५

आज कायद्यात बदल झाले आहेत. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेने ठरवले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, म्हणजे वऱ्हाडातला नमुना आता मुंबईच्या वाटेला लागलाच पाहिजे असे नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदार ह्यांचे हक्क लिहिले गेले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. ह्या गोष्टींचे स्वागतच केले पाहिजे. बाबासाहेबांच्या अनुयायाला विज्ञानाचे आणि कायद्याचे वावडे असण्याचे कारण नाही.

तरीही एक धोका दिसतो. यंत्राचा अहवाल आला की माणसाचे म्हणणे दुय्यम ठरवण्याची सवय लागेल. ‘रिपोर्टमध्ये काही आले नाही’ हे वाक्य आमच्या वस्त्यांत पूर्वीही ऐकू येई. आता त्याला प्रयोगशाळेचे वजन येईल. रिपोर्टमध्ये काही आले नाही ह्याचा अर्थ काही घडले नाही असा होत नाही. नमुना वेळेवर घेतला नाही, योग्य ठिकाणचा घेतला नाही, किंवा कोणाला विचारून घेतला नाही, असाही होतो. हा फरक वकिलाला कळतोच असे नाही. साहित्यिकाला तो कळला पाहिजे, कारण न नोंदवलेल्या गोष्टीची नोंद करणे हाच त्याचा धंदा आहे.

म्हणून समीक्षेकडे माझी एक मागणी आहे. गुन्ह्याविषयीचे कोणतेही पुस्तक, चित्रपट किंवा मालिका समोर आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. मेलेल्यांची मोजदाद कोणी आणि केव्हा सुरू केली? जगलेल्यांपैकी कोणाचे म्हणणे तिच्यात आहे? प्रेताशी, ठशाशी, रक्ताशी ज्या हातांचा प्रत्यक्ष संबंध आला ते हात दिसतात काय? ह्या प्रश्नांवर ‘आक्रीत’ तपासा, ‘मानवत मर्डर्स’ तपासा, अर्नाळकर तपासा. आणि ह्याच प्रश्नांवर लक्ष्मण गायकवाडांचे १९८७ चे ‘उचल्या’ वाचा. तेथे पोलीस घरात शिरतात आणि ज्याला मारून कबूल करवायचे असते त्याच्या पोराच्या डोळ्यांनी आपण तपास पाहतो. मराठीतले तपासाविषयीचे अत्यंत महत्त्वाचे पुस्तक म्हणून ‘उचल्या’चे नाव अद्याप कोणी घेतलेले नाही. कारण त्यात खुनी नाही, हुशार अधिकारी नाही, रहस्य नाही. फक्त साक्ष आहे.

दुसरी मागणी आपल्या लेखकांकडे, विशेषतः अकोला-अमरावतीच्या. केशव मेश्राम ह्यांच्यासारखा लेखक ह्या भूमीत जन्मला. येथे शब्दाची वाण नाही. येथल्या कोतवालांकडे मर्गाच्या किती रात्री साठलेल्या आहेत! शवागारातल्या कामगारांनी किती देह वाचले आहेत! ओळख परेडला उभ्या राहिलेल्या बाया, जबाब फिरवावा म्हणून ज्यांच्या दारात रात्री माणसे येऊन बसली ते साक्षीदार, दहा-दहा वर्षे तारखांना जाऊन ज्यांनी मजुरी बुडवली ती माणसे, ह्यांच्यापैकी कोणी लिहिले नाही, आणि आपण लिहून घेतले नाही. त्यांच्याकडे जा. ‘तुझे दुःख सांग’ असे म्हणू नका. दुःख ऐकणारे खूप झाले. ‘तू काय पाहिलेस, कोठून पाहिलेस, उजेड किती होता, मग तू काय केलेस’ असे विचारा. तपासाधिकाऱ्याने विचारायचे होते ते प्रश्न तुम्ही विचारा आणि उत्तर जसेच्या तसे उतरवा. त्याची तारीख घाला, गाव घाला, आणि बोलणाऱ्याची इच्छा असेल तर त्याचे नाव घाला.

उद्या कोणी म्हणेल, हे वाङ्मय नव्हे, हा तर पंचनामा. म्हणू द्या. आजवरच्या पंचनाम्यांत आपली सही नव्हती.